कामातून सुटलेला घोडा सांभाळायचा असेल तर

२०१९ च्या पशुगणनेत भारतातील घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३.४ लाख भरले. २०१२ च्या गणनेशी तुलना केली तर ही घट ४५ टक्क्यांहून अधिक आहे. टांगा आपल्या बहुतेक गावांतून गेला. मुंबईतील हौसेच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा असून त्या वर्षभरात बंद कराव्यात, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये दिला. जिथे मोटारींना प्रवेश नाही त्या माथेरानमध्येही आता घोड्यांच्या जोडीला ई-रिक्षा धावतात. तरीही घोडा आपल्या जीवनातून नाहीसा झालेला नाही. तो महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यतींत धावतो, लग्नाच्या वरातीत चालतो, अश्वारोहण शिकणाऱ्या मुलांना पाठीवर घेतो, आषाढी वारीच्या रिंगणात दौडतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशावर दवाखान्यात जे प्रतिविष टोचले जाते, तेही घोड्याच्याच रक्तात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांपासून बनते.

या सर्व कामांतून घोडा कधी ना कधी सुटतो, आणि सुटतो तेव्हा त्याचे आयुष्य बहुधा निम्म्याहून अधिक शिल्लक असते. शर्यतीचा घोडा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी धावू लागतो आणि अनेकदा सात-आठ वर्षांचा होण्याआधीच मैदानाबाहेर पडतो. चांगली निगा राखली तर तो पंचवीस वर्षांपर्यंत सहज जगू शकतो. शेतघर, मोकळी जागा आणि मनापासूनची ओढ असलेली अनेक कुटुंबे अलीकडे असे घोडे घरी आणू लागली आहेत. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे. घोड्याचे काम बदलले असले तरी त्याचे शरीर माळरानावर दिवसभर चरत हिंडणाऱ्या जनावराचेच राहिले आहे, हे एकदा ध्यानात आले की पुढच्या बहुतेक सूचनांमागचे कारण आपोआप उलगडते.

आणण्यापूर्वी

प्रथम चाऱ्याचा हिशेब कागदावर मांडावा. त्यासाठी घोड्याचे वजन ठाऊक हवे, आणि काटा नसला तरी ते साध्या फितीने काढता येते. पुढच्या पायांच्या लगेच मागे, तंग आवळतात त्या जागी छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. घेर १६० आणि लांबी १४५ सेंटिमीटर असेल तर वजन सुमारे ३१२ किलो येते. घोड्याला दररोज वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा अंश चाऱ्यातून मिळायला हवा, म्हणजे या घोड्याला सव्वासहा किलो. हिरव्या चाऱ्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असल्याने, पाच किलो वाळलेले गवत आणि नऊ किलो हिरवा चारा दिला तर हा हिशेब जुळतो. वर्षाला हे सव्वाअठराशे किलो वाळलेले गवत आणि जवळपास तेहतीसशे किलो हिरवा चारा झाला. आपल्या भागातील भावाने याची किंमत काढावी, त्यात नालबंद, पशुवैद्य, लसी आणि मोतद्दाराचा, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराचा, पगार मिळवावा, आणि किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवता येतो का ते पाहावे. २०२० च्या टाळेबंदीत पर्यटन आणि लग्नसराई एकाच वेळी थांबली, तेव्हा रोजच्या कमाईवर रोजचा चारा आणणाऱ्या घोडेवाल्यांचे आणि त्यांच्या जनावरांचे किती हाल झाले, ते आपण पाहिले आहे.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्या किंवा ओळखीच्या मालकाकडून घ्या, सौदा ठरवण्यापूर्वी पशुवैद्याकडून त्याची तपासणी करून घ्यावीच. तीत ग्लँडर्स या रोगाची रक्तचाचणी असलीच पाहिजे. हा जिवाणूजन्य रोग घोड्यापासून माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि चाचणीत दोष आढळलेले जनावर २००९ च्या केंद्रीय कायद्याच्या तरतुदींनुसार दयामरण देऊन पुरावे लागते. या चाचणीसाठी हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही देशातील प्रमुख संस्था आहे. शर्यतीचा घोडा असेल तर त्याची ओळखपुस्तिका मागून घ्यावी. त्याशिवाय स्वतः दोन गोष्टी पाहाव्यात. घोडा सपाट, कठीण जमिनीवर सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवायला सांगावा आणि त्याचे डोके प्रत्येक पावलाला सारखेच हलते का ते पाहावे. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो. मग तोंडाचे कोपरे आणि जीभ पाहावी. तिथले जुने वण काटेरी कडियाळाची (लगामाच्या तोंडात बसणाऱ्या लोखंडी भागाची) खूण असतात, आणि असा घोडा लगामाला पुन्हा विश्वासाने स्वीकारायला बराच काळ घेतो.

घरी आणल्यावर किमान तीन आठवडे त्याला इतर घोड्यांपासून वेगळे ठेवावे. त्याचे भांडे, खरारा, झूल सारे वेगळे असावे. वाहतुकीत त्याचे डोके उंच बांधू नये. मान खाली करता न आल्यास श्वासनलिकेतील कफ बाहेर पडत नाही आणि लांबच्या प्रवासानंतर फुप्फुसाचा ताप येतो.

चारा

घोड्याचे जठर त्याच्या आकारमानाच्या मानाने लहान असते आणि त्यात आम्ल सतत स्रवत राहते, पोटात चारा असो वा नसो. आपण सकाळ-संध्याकाळ भरपूर खुराक देऊन मधले दहा तास गव्हाण रिकामी ठेवली, तर ते आम्ल जठराच्या अस्तरालाच जाळते. शर्यतीतून आलेल्या घोड्यांमध्ये जठराचे व्रण फार आढळतात, आणि त्याचे एक मोठे कारण हेच आहे. म्हणून वाळलेले गवत दिवसातून चार-पाच वेळा विभागून द्यावे, किंवा बारीक छिद्रांच्या जाळीत भरून ठेवावे, म्हणजे ते हळूहळू संपते. रात्रीचा वाटा सर्वांत मोठा असावा, कारण ती वेळ सर्वांत लांब असते.

मारवेल, पवना, हरळी, ओट यांचे वाळवलेले गवत उत्तम. लसूणघास पौष्टिक असला तरी काम नसलेल्या घोड्याला तो थोडाच पुरे. ज्वारीचा वाळलेला कडबा मिश्रणात चालतो, मात्र ज्वारीची कोवळी किंवा पाण्याच्या ताणाने खुरटलेली हिरवी ताटे कधीही देऊ नयेत. त्यांत प्रुसिक आम्लाचे विष असते. बुरशीचा वास येणारी पेंढी बाजूला काढावी. गाय ती पचवील, घोडा पचवणार नाही, आणि घोड्याला ओकताही येत नाही.

खुराकाबाबत मी स्वतः केलेली चूक इथे सांगणे मला आवश्यक वाटते. आमच्याकडे शर्यतीतून निवृत्त झालेली घोडी आली तेव्हा ती हाडकुळी दिसत होती, म्हणून मी तिला मायेने रोज गव्हाचा कोंडा आणि भिजवलेले हरभरे भरपूर देत राहिलो. काही महिन्यांनी ती अधूनमधून लंगडू लागली. पशुवैद्यांनी सगळा आहार लिहून घेतला आणि समजावून सांगितले की कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) फार आणि कॅल्शियम अगदी कमी असल्याने शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढून घेऊ लागते. हे पुढे वाढले तर चेहऱ्याची हाडेही फुगून मऊ पडतात. कोंडा बंद करून लसूणघास आणि खनिज मिश्रण सुरू केल्यावर ती सावरली. आपल्याकडे कोंडा हा घोड्याचा पारंपरिक खुराक मानला जातो, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे. वजन वाढवायचे असेल तर आधी चांगले गवत वाढवावे, आणि धान्य लागलेच तर तीनशे किलोच्या घोड्याला एका वेळी एक किलोपेक्षा अधिक देऊ नये. गवत असो वा खुराक, कोणताही बदल दहा-बारा दिवसांत थोडा थोडा करावा, कारण चारा आंबवून पचवणारे मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव अचानक झालेला बदल सोसू शकत नाहीत.

कोंबडीखाद्य किंवा गायी-म्हशींचे तयार खाद्य घोड्याला कधीही देऊ नये. त्यांत काही वेळा मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते; कोंबडीला जे मानवते ते अत्यल्प प्रमाणातही घोड्याचे हृदय निकामी करते. कुंपणाला लावलेली कण्हेर आणि बांधावरचा एरंड काढून टाकावा, दोन्ही घोड्याला घातक आहेत. शेजाऱ्यांनी प्रेमाने आणलेले लग्नातील उरलेले अन्न, पोळ्या आणि मिठाई नम्रपणे परत करावी.

पाणी दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर लागते, विदर्भातल्या उन्हाळ्यात याहूनही बरेच अधिक. दमून आलेल्या घोड्याला पाणी पाजू नये असा समज जुना आहे. प्रत्यक्षात त्याला पाणी नाकारल्याने अपाय होतो. त्याला थोडे थोडे, थांबून थांबून पिऊ द्यावे. घामातून मीठ जाते, म्हणून मिठाचा खडा कायम चाटता येईल असा बांधून ठेवावा. कोकण-मुंबईच्या दमट उन्हाळ्यात काही घोड्यांना घाम येणेच बंद होते. अंग कोरडे आणि तापलेले, श्वास धापांसारखा, अशी अवस्था दिसली तर काम ताबडतोब थांबवावे, सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतत राहावे आणि पशुवैद्याला बोलवावे.

खूर

खूर महिन्याला साधारण आठ ते दहा मिलिमीटर वाढतो. माळावर हिंडणाऱ्या घोड्याची ही वाढ आपोआप झिजते, बांधून ठेवलेल्या घोड्याची झिजत नाही. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर छाटून घ्यावेत, नाल असो वा नसो. गावोगावचे नालबंद कमी होत चालले आहेत, आणि घोडा आणण्याआधी नालबंदाचा शोध घेणे हे पशुवैद्य शोधण्याइतकेच महत्त्वाचे आहे असे माझे मत आहे. घोडा डांबरी रस्त्यावर चालणार नसेल तर नाल काढून टाकता येते का, हे त्याला विचारावे. मात्र शर्यतीच्या घोड्यांच्या खुरांची भिंत पातळ असते, त्यामुळे नाल काढल्यावरचे काही महिने त्याला मऊ जमिनीवरच ठेवावे लागते.

रोज सकाळी आणि कामानंतर चारही पाय उचलून, वाकड्या टोकाच्या लोखंडी आकडीने टाचेकडून पुढे खूर साफ करावेत. तळव्याच्या मधल्या मऊ त्रिकोणी भागाला दुर्गंधी येत असेल आणि काळा स्राव दिसत असेल, तर तो कुजू लागला आहे. पावसाळ्यात लिदीच्या आणि मुताच्या ओलीत उभ्या राहणाऱ्या घोड्यांना हे हमखास होते, आणि त्यावरील पहिला उपाय म्हणजे कोरडी जमीन.

खुराचा सर्वांत भयंकर आजार म्हणजे लॅमिनायटिस. खुराच्या भिंतीला आतल्या हाडाशी जोडणारे थर यात सुजतात. धान्याच्या पोत्यात तोंड घालून घोड्याने भरपेट धान्य खाल्ले, किंवा काम बंद होऊनही शर्यतीच्या काळातला खुराक चालूच राहिला आणि तो लठ्ठ झाला, की हा आजार ओढवतो. असा घोडा पुढचे पाय पुढे ताणून, भार मागे टाकून उभा राहतो, वळायला नकार देतो, खूर हाताला गरम लागतात आणि खुराच्या वर, पायाच्या मागच्या बाजूला नाडी ठसठसताना जाणवते. पशुवैद्य येईपर्यंत धान्य पूर्ण बंद करावे, पाय बर्फाच्या पाण्यात ठेवावेत, आणि त्याला चालवू नये.

तबेला आणि सोबत

बारा फूट लांब-रुंद जागा, उंच छप्पर, समोरासमोर हवेची वाट आणि घसरणार नाही अशी जमीन एवढे पुरते. मात्र तबेल्याच्या टापटिपीपेक्षा महत्त्वाचे आहे ते बाहेर मोकळे सोडणे. दिवसातून किमान चार-पाच तास घोडा मोकळा फिरला पाहिजे. अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून आणि मागून दोरांनी, बांधून तासन्‌तास उभे ठेवण्याची पद्धत पागेत शेकडो घोडे एकत्र असत तेव्हाच्या गरजेतून आली असावी. घरच्या एका घोड्याला तिची काहीच गरज नाही. घोडा उभ्याने डुलक्या घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला रोज थोडा वेळ आडवे व्हावेच लागते, आणि आखूड दाव्याने बांधलेला किंवा एकटेपणाने धास्तावलेला घोडा आडवा होत नाही.

घोडा कळपात जगणारा प्राणी आहे. दुसरा घोडा ठेवणे शक्य नसेल तर गाढव किंवा शेळी तरी सोबतीला असावी. लाकूड चावणे, एका जागी डुलत राहणे, हवा गिळणे या गोष्टींना आपण वाईट सवयी म्हणतो, पण त्या कोंडलेपणातून आणि गवताच्या टंचाईतून येतात. गळ्याला पट्टा आवळून त्या थांबवण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा गवत, मोकळीक आणि सोबत वाढवावी.

आजार वेळेवर ओळखणे

घोडा निरोगी असतानाच त्याचे नेहमीचे आकडे वहीत नोंदवून ठेवावेत. विश्रांतीच्या वेळी तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, आणि हिरडी बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होणे, हे प्रौढ घोड्याचे साधारण प्रमाण आहे. नाडी जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटांना लागते. रोज सकाळी लीद किती आणि कशी पडली आहे, हेही पाहावे.

पोटशूळ हे घोड्याच्या मृत्यूचे फार मोठे कारण आहे. घोडा जमीन उकरतो, वळून कुशीकडे पाहतो, पुन्हा पुन्हा बसतो-उठतो, लोळतो, लीद टाकत नाही. अशा वेळी चारा काढून घ्यावा, पाणी राहू द्यावे, नाडी मोजावी आणि त्याच क्षणी पशुवैद्याला फोन करावा. नाडी ६० च्या वर गेली असेल तर ते आवर्जून सांगावे. घोडा शांत उभा असेल तर त्याला तासन्‌तास फिरवून थकवू नये. आणि आपल्याकडे सर्रास केला जाणारा एक उपाय पूर्णपणे टाळावा: डोके वर बांधून बाटलीने किंवा नळकांड्याने तेल पाजणे. ते तेल फुप्फुसात गेले तर शुळातून वाचलेला घोडा न्यूमोनियाने दगावतो. पशुवैद्य नाकातून थेट जठरात नळी घालतात, ती गोष्ट वेगळी. रात्री-अपरात्री कोणाला बोलवायचे हे आधीच ठरलेले असावे. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक आणि जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा क्रमांक तबेल्याच्या दारावर लिहून ठेवावा.

पावसाळ्यात आणि त्यानंतर येणारा-जाणारा ताप, खाऊनही खंगत जाणे, पोटाखाली व पायांवर सूज अशी लक्षणे दिसली तर सर्रा या रोगाची शंका घ्यावी. चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे तो पसरतो, आणि ताप चढलेला असताना घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यात त्याचे परजीवी सापडण्याची शक्यता अधिक असते. धनुर्वाताची लस पहिल्या वेळी चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा आणि नंतर दरवर्षी, रेबीजची दरवर्षी. यांत टाळाटाळ करू नये, कारण गंजलेली तार आणि भटका कुत्रा आपल्याकडे कुठेही असतात. जंताचे औषध मात्र ठरावीक तारखेला डोळे मिटून देत न राहता लीद तपासून द्यावे.

काम द्यायचे असेल तर

निवृत्त घोड्याला हलके काम मानवते, किंबहुना लाभते. शर्यतीचा घोडा असेल तर आधी दोन-तीन महिने त्याला केवळ चरू आणि फिरू द्यावे. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या एक-पंचमांशापेक्षा अधिक नसावे; वर मोजलेल्या ३१२ किलोच्या घोड्यासाठी ही मर्यादा साठ किलोच्या जरा वर येते, आणि पर्यटनस्थळी घोड्यावर बसणाऱ्या प्रत्येक प्रौढाने हा हिशेब स्वतःपुरता करून पाहावा. गाडी ओढणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन काम नाही. काटेरी कडियाळ आणि टोकदार साज यांनाही हे नियम मनाई करतात. वरातीला घोडा देणाऱ्यांनी आणि मागवणाऱ्यांनी हीच मोजपट्टी वापरावी, आणि डीजेची भिंत व फटाके घोड्याजवळ नसतील हे आधीच लिहून घ्यावे.

म्हातारपण

वीस वर्षांनंतर दातांकडे लक्ष द्यावे. अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे गव्हाणीखाली पडलेले दिसले, म्हणजे दाढांना टोके आली आहेत किंवा त्या झिजून गेल्या आहेत. दाढा वर्षातून एकदा पशुवैद्याकडून घासून घ्याव्यात, आणि चावणे जमेनासे झाले की बारीक कुट्टी केलेले गवत व लसूणघास पाण्यात मऊ करून द्यावा.

शेवटच्या दिवसाची व्यवस्थाही घोडा बरा असतानाच करावी. कोणत्या अवस्थेनंतर उपचार थांबवायचे हे पशुवैद्याशी बोलून ठरवावे. पुरण्यासाठी विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, यंत्र पोहोचू शकेल अशी जागा निवडावी आणि पावसाळ्यात तिथे पाणी साचत नाही ना हे पाहून घ्यावे. दयामरणासाठी वापरलेले औषध शरीरात उरते. मृतदेह उघड्यावर टाकला तर तो खाणारी कुत्री आणि गिधाडेही त्याने मरतात, म्हणून तो त्याच दिवशी खोल पुरावा.